पाणी तापेनासे झाले म्हणजे

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे. आज त्याच्या एका अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दुसऱ्या अंगास भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि कडेने बाह्य रिंग रोडची अखंड रहदारी असा त्याचा परिसर आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून मेट्रोचे स्थानकही तेथे झाले. जुन्या गावठाणात चार-चार मजल्यांची घरे एकमेकांस खेटून उभी आहेत, तर शेजारीच १९७० च्या दशकात दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या सदनिका आहेत. महाराष्ट्रातून शिकावयास आलेला विद्यार्थी बहुधा यांपैकीच एखाद्या घरात खोली घेतो, आणि डिसेंबर उजाडला की त्यास एक नवी गोष्ट कळते. मुंबईत ऊन पाणी ही सोय असते, येथे ती गरज असते. मुनिरक्यापासून जवळच असलेल्या सफदरजंग वेधशाळेत जानेवारीतील किमान तापमान सरासरीने ७-८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि काही रात्री ते चार अंशांच्याही खाली उतरते. गच्चीवरील टाकी रात्रभर उघड्या आकाशाखाली निवत असते. अशा पहाटे भिंतीवरचा जुना गीझर रुसला, तर घरातील माणसे त्यास प्रथम थापट्या मारतात, मग बटण चालू-बंद करून पाहतात, आणि शेवटी मिस्त्रीस बोलावतात. मिस्त्री येण्यापूर्वी त्या पेटीच्या पोटात काय चालते हे समजून घेणे फारसे अवघड नाही. कित्येकदा प्राण वाचविण्यासही ते ज्ञान कामी येते.

मराठी वाचकास या यंत्राचा पूर्वज चांगला परिचित आहे. तो म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध नळकांडे, त्यात बंबफोड किंवा गोवऱ्या पेटविलेल्या, आणि भोवती पाणी. काही बंबांत ओतण्याची नळी थेट तळापर्यंत नेलेली असे. वरून एक तांब्या गार पाणी ओतावे आणि तोटीतून एक तांब्या कढत पाणी मिळावे. गार पाणी जड म्हणून खाली राहते, ऊन पाणी हलके म्हणून वर तरंगते, आणि खालचे वरच्यास बाहेर ढकलते. भिंतीवरील गीझरची रचना नेमकी हीच आहे. गार पाणी तळाशी शिरते. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या आत अगदी माथ्याशी उघडते. त्यामुळे गीझरमधून पाणी ‘काढले’ जात नाही, ते आत येणाऱ्या पाण्याने ‘लोटले’ जाते. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुढची निम्मी कोडी सुटतात. (गीझर हे नाव आइसलँडमधील गायसिर या उकळत्या कारंजावरून आले. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र काढले आणि त्यास हे नाव दिले. त्यातून धूर बाहेर जाण्याची सोय नव्हती, ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागेल.)

आता थोडा हिशेब. २५ लिटरची टाकी आणि २,००० वॉटची तापनकांडी, म्हणजे मिस्त्री ज्यास ‘एलिमेंट’ म्हणतो ती, असे धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचे तर २५ गुणिले ४५ गुणिले ४.१९, म्हणजे सुमारे ४,७१० किलोज्यूल. कांडी दर सेकंदास दोन किलोज्यूल देते. तेव्हा वेळ लागेल २,३५५ सेकंद, अर्थात ३९ मिनिटे. ही ३९ मिनिटे म्हणजे त्या गीझरची नाडी होय. पाणी तापावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. पुष्कळसे निदान तेथेच होते.

समजा, त्यास तासभर लागू लागला. मिस्त्रीचे ठरलेले उत्तर असे, की कांडीवर क्षार बसला आहे, त्यामुळे ती तापत नाही. हे उत्तर जितके प्रचलित तितकेच अपुरे आहे. कांडीत विजेचे जेवढे कार्य उष्णतेत बदलते, तेवढी उष्णता क्षारांच्या थरातून उशिरा का होईना, पण पाण्यातच जाते; टाकीच्या आत तिला दुसरा मार्ग नाही. मग वेळ का वाढला? एक कारण विजेच्या दाबात सापडते. ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ज्या तारेचा रोध बदलत नाही, तिच्या बाबतीत हेच गणित दाबासही लागू पडते. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्टच मिळाले तर २,००० वॉटच्या कांडीचे सुमारे १,३६५ वॉट उरतात, आणि ३९ मिनिटांची ५८ मिनिटे होतात. दाट वस्तीच्या गल्लीत पहाटे प्रत्येक घरातील गीझर एकाच वेळी चालू झाला, की जुन्या व बारीक तारांच्या टोकाशी दाब घसरतो. तेव्हा दुपारी वेळ मोजून पाहावा. दुपारी ३९ मिनिटे आणि पहाटे ५८ लागत असतील, तर गीझर निर्दोष आहे.

दुसरे कारण प्लगपाशी असते. २,००० वॉटची कांडी ८.७ अँपियर प्रवाह घेते. प्लगची पिन सैल होऊन किंवा काजळून सांध्याचा रोध केवळ अर्धा ओहम वाढला, तरी त्या एवढ्याशा जागी ३८ वॉट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता देणारे टोक घेऊन तर तारांचे साधे झाळकाम केले जाते! सॉकेट पिवळे पडणे, प्लग हातास चटका देणे, जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे ही सारी त्याचीच चिन्हे होत. गीझर सहा अँपियरच्या साध्या सॉकेटवर लावणे हा तर निव्वळ अविचार. त्यास सोळा अँपियरचे सॉकेट आणि तशीच जाड तार हवी.

याहून चमत्कारिक तक्रार अशी, की गीझरचा दिवा वेळेवर विझतो, टाकी बाहेरून नीट वाटते, पण नळातून येते ते कोमट पाणी. लोक मग तापमानाची कळ वर-वर फिरवीत राहतात. येथे एका दूरदेशीच्या अनुभवाचा उपयोग होण्यासारखा आहे. अमेरिकेत मोटारीवर बांधलेली फिरती घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांत बहुधा २३ लिटरच्या आसपासची, गॅसवर किंवा विजेवर चालणारी तापनटाकी असते. कडाक्याच्या थंडीत तिच्यातले पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून मालक हिवाळ्याआधी ती रिकामी करतो, आणि टाकीस वळसा घालणारी एक आडवाट-नळी झडपांनी उघडतो. वसंतात गाडी बाहेर काढताना ती झडप बंद करावयाची विसरली, किंवा जुनी झाल्यामुळे ती पुरती बंद झाली नाही, तर गार पाणी आडवाटेने थेट उन पाण्याच्या नळीत शिरते. टाकी कढत आणि तोटी कोमट. जुन्या गाडीचा नवा मालक या एका झडपेपायी चांगला गीझर काढून टाकतो, असेही घडते.

मुनिरक्यात बर्फ नाही आणि ती आडवाटही नाही. पण तिचे काम करणारे दुसरे काही आहे, ते म्हणजे गार आणि ऊन पाणी एकत्र करणारी जोडतोटी. तिच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढे हातशॉवरची कळ तेवढी बंद केली, की गार व ऊन या दोन्ही नळ्या तोटीच्या पोटात एकमेकींस मिळतात. मग स्वयंपाकघरात कोणी उन पाण्याचा नळ उघडला, की न्हाणीघरातील गार पाणी उलट वाटेने तेथे पोहोचते. परीक्षा सोपी आहे. गीझरमध्ये पाणी सोडणारी चावी बंद करावी आणि उन पाण्याचा नळ उघडावा. पाणी ‘लोटले’ जाते हे वर सांगितलेच आहे. लोटणारे पाणी थांबले म्हणजे क्षणभरात धार थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर ते पाणी गीझरमधून येत नसून दुसऱ्या कोठल्या तरी वाटेने येत आहे, हे सिद्ध झाले. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. धार थांबूनही पाणी कोमटच येत असेल, तर टाकीच्या आतील उन पाण्याची नळी मध्येच गंजून भोक पडले असण्याचा संभव आहे. मग माथ्याचे कढत पाणी मागे राहून मधल्या थरातले पाणी बाहेर पडते. ही दुरुस्ती मात्र टाकी उघडल्यावाचून होत नाही.

आता क्षारांकडे वळू. दिल्लीच्या अनेक भागांत कूपनलिकेचे पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस न होऊ देणारे, असते. नळाचे पाणी अपुरे पडले की तेच गच्चीवरील टाकीत चढते. पिण्याच्या पाण्यात एकूण दुष्फेनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट आणि दुसरा उपाय नसल्यास ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापविले की फुटते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे प्रत्यक्ष चुनखडीच, खाली बसते. मीठ-साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, ही तर घरातलीच गोष्ट. चुनखडीची रीत नेमकी उलटी. म्हणून जेथे पाणी सर्वांत तप्त, तेथेच, म्हणजे कांडीच्या अंगावर, ती आधी जमते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम या हिशेबाने, रोज शंभर लिटर पाणी शंभर दिवस तापविले तर तीन किलो चुनखडी त्या टाकीतून जाते. तिचा दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी एका हिवाळ्यात तीनशे ग्रॅमचा खडा तयार झाला.

या खड्याने वीज फारशी जास्त जळत नाही. पण कांडी मात्र आतल्या आत भाजते. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या काहीशे पट कमी सहजतेने ती चुनखडीतून वाहते. कांडीच्या दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून दहा वॉट बाहेर पडत असतील आणि वर दोन मिलिमीटरचा थर असेल, तर थराच्या दोन बाजूंच्या तापमानात शंभर ते दोनशे अंशांचे अंतर पडते. पाणी साठ अंशांवर, पण धातू दोनशेच्या घरात! कांडीच्या आत निक्रोमची तार आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली भुकटी असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण कोरडी असेपर्यंतच. भाजलेल्या, ताणलेल्या आवरणास केसाएवढी चीर पडली, की पाणी भुकटीत शिरते आणि वीज पाण्यात उतरते. गीझर चालू असताना आतून तडतड किंवा खळखळ ऐकू येणे ही या अवस्थेची पूर्वसूचना समजावी.

येथपर्यंत आले म्हणजे प्रश्न पाणी तापण्याचा राहत नाही. टाकीचे धातूचे अंग जमिनीशी जाड तारेने जोडलेले असेल, अर्थात ‘अर्थिंग’ असेल, तर गळलेली वीज त्या तारेने जमिनीत जाते. ती तार तुटलेली असेल, किंवा सॉकेटचे तिसरे भोक केवळ शोभेचे असेल, तर वीज वाट पाहत राहते. आणि ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने लोखंडी तोटीस हात लावला, की तिला वाट सापडते. जुन्या सदनिकांत याबाबत एक छुपा धोका आहे. पूर्वी तेथील नळ जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडाचे असत. भिंतीतून जमिनीत जाणारा तो नळच कित्येकदा, कोणी न योजता, अर्थिंगचे काम करीत असे. पुढे गंजलेले नळ काढून प्लॅस्टिकचे घातले, पाणी स्वच्छ झाले, आणि ती अनायासे मिळालेली वाट मात्र नाहीशी झाली. नळ बदलणाऱ्याने हे सांगितले नाही, कारण ते त्याचे काम नव्हते. वीजवाल्यास कोणी बोलावले नाही, कारण वीज व्यवस्थित चालू होती.

साधा फ्यूज या धोक्यापासून वाचवीत नाही. तो दहा-पंधरा अँपियरच्या प्रवाहासाठी असतो, आणि माणसाच्या हृदयाचा ताल बिघडविण्यास त्याचा शंभरावा भागही पुरतो. यासाठी निराळे उपकरण आहे. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांची ते सतत तुलना करते, आणि दोहोंत ३० मिलिअँपियरचा फरक पडताच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडते. मिस्त्रीच्या भाषेत ‘आरसीसीबी’. ते वारंवार पडते म्हणून त्यास बगल देऊन तार जोडणारे लोक आहेत. ते पडते याचाच अर्थ वीज कोठेतरी गळत आहे. मुख्य बटण बंद करून, प्लग काढून, कांडीच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. २,००० वॉटच्या कांडीस तो सुमारे २६ ओहम भरला पाहिजे. मुळीच वाट न मिळाली तर तार तुटली आहे. याच्या उलट टोक व आवरण यांच्यामध्ये रोध अफाट हवा. तेथे थोडीशीही वाट दिसली तर कांडी बदलावयाची, वाळवून पुन्हा लावावयाची नव्हे. हे काम जाणत्या वीजतंत्र्याचेच आहे. गावठाणातील खोल्यांतून बादलीत सोडावयाचा तापनदांडा अजून पुष्कळ वापरला जातो. त्यास पाणी तापले की स्वतः बंद होण्याची अक्कल नसते आणि कित्येकदा तिसरी तारही नसते. बटण बंद करून प्लग उपटल्याशिवाय त्या बादलीत बोटही घालू नये.

उलट प्रकारचा बिघाड म्हणजे पाणी तापतच राहणे. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे एक जुने पण सुंदर रूप असे, की पितळेच्या नळीत इन्व्हारची कांडी बसवितात. पितळ तापले की लांबते, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही, आणि त्या अंतराने बटण उघडते. निकेल व लोखंड यांचा हा मिश्रधातू गियोम याने १८९६ साली शोधला, आणि १९२० चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. पण बटणाचे टोक ठिणग्यांनी जळून चिकटले, तर इन्व्हार काय करणार? तेव्हा दुसरा रक्षक, अतितापरोधक, वीज तोडतो. तो पडला की नुसती त्याची गुंडी दाबून पुन्हा चालू करणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय. थर्मोस्टॅट तपासला पाहिजे.

तिसरा रक्षक म्हणजे सुरक्षा-झडप. पाणी १५ वरून ६० अंशांवर गेले की दीड टक्क्याहून थोडे अधिक फुगते. २५ लिटरचे सुमारे चारशे मिलिलिटर वाढतात. मागे फिरण्याची वाट उलटझडपेने अडविलेली असेल, तर हे पाणी सुरक्षा-झडपेतून थेंबथेंब गळते. ते तिचे कामच आहे. परंतु फरशी ओली होते म्हणून तिच्या तोंडास कोणी खुंटी ठोकली, आणि पुढे कधी थर्मोस्टॅट चिकटला, तर पाणी १०० अंशांवर थांबत नाही. दीडशे अंशांस आतील दाब वातावरणाच्या पावणेपाच पट होतो. गंजलेली टाकी त्या वेळी फाटली, तर २५ लिटरांपैकी सव्वादोन किलोहून अधिक पाण्याची क्षणार्धात वाफ होते, आणि तिला जवळजवळ चार घनमीटर जागा लागते. लहान न्हाणीघराची निम्मी जागा ती व्यापते.

गॅसच्या गीझरविषयी थोडेच सांगावयाचे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. फिरत्या घरात तापनयंत्राचे तोंड गाडीच्या बाहेर उघडते. हवा बाहेरची आणि धूरही बाहेर. तेथील नेहमीचा बिघाड म्हणजे हवेच्या नळीत कोळ्याने जाळे विणणे. मग निळी ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅसच्या गीझरला मात्र हवा खोलीतलीच मिळते. ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट बांधला जातो. थंडीसाठी खिडकी लावून घेतलेल्या न्हाणीघरात दरवर्षी माणसे दगावतात ती यानेच. डोके जड झाले, भोवळ आली, की पाणी बंद करण्याच्याही आधी दार उघडून बाहेर पडावे. गॅसचे यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत लावणे हाच त्यावर उपाय आहे.

राहता राहिली टाकी. आतून मुलामा दिलेल्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी टांगलेली असते, आणि तिचे काम केवळ झिजणे हे आहे. हंफ्री डेव्ही याने १८२४ साली इंग्रजी युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यास लोखंड व जस्ताचे तुकडे जोडून दाखविले, की अधिक उत्सुक धातू स्वतः गंजून दुसऱ्यास वाचवितो. तांबे खरोखरच वाचले. पण ते विरघळेनासे झाल्यामुळे शिंपले-शेवाळ नौकांस निर्धास्तपणे चिकटू लागले आणि तो प्रयोग बिचाऱ्या डेव्हीस सोडून द्यावा लागला. गीझरमध्ये शिंपल्यांची भीती नसल्याने युक्ती निर्वेध चालते. ही दांडी संपली की टाकीची पाळी येते. म्हणून दुष्फेन पाण्याच्या ठिकाणी दर एक-दोन वर्षांनी ती काढून पाहावी. आत नुसती तार उरली असेल, तर नवी बसवावी. टाकीच्या मानाने ती फारच स्वस्त असते.

या सर्व तपासणीस योग्य काळ म्हणजे दिल्लीतील एप्रिल, जेव्हा गीझरची कोणास आठवणही राहत नाही. वीज तोडून पाणी निवू द्यावे, तळची चूड उघडून टाकी रिती करावी, चुनखडीचे पापुद्रे धुऊन काढावे, कांडी सौम्य आम्लाने स्वच्छ करावी. पुन्हा जोडल्यावर मात्र घाई नको. कोरड्या टाकीत कांडीस वीज मिळाली, तर ती काही मिनिटांतच लाल होऊन जळते. जुनी फिरती घरे विकत घेणाऱ्यांचे पहिले नुकसान बहुधा याच चुकीने होते. आधी गार पाण्याची चावी सोडावी आणि उन पाण्याचा नळ पुरा उघडा ठेवावा. प्रथम हवा फुसफुसेल, मग धार तुटक-तुटक येईल. ती एकसारखी, बुडबुड्यांवाचून वाहू लागली, की नळ बंद करून मगच बटण दाबावे.